डावी बाजू

मास्तरीणबाईंनी दोरीची गाठ बोटांनी चाचपली, एकदा ओढून पाहिली आणि दुसरं टोक बाइंडरच्या डाव्या हातात दिलं.

"चला. आज सोळा किलोमीटर. आणि तोंड बंद ठेवायचं नाही."

दोरी जेमतेम वीतभर लांब. एक टोक बाईंच्या उजव्या मुठीत, एक त्याच्या डाव्या. बाई जन्मांध होत्या. कॉलेजात गणित शिकवायच्या आणि आठवड्यातून तीनदा सकाळी तळ्याकाठच्या वाटेवर धावायच्या. सोबत पळणाऱ्याने पावलाला पाऊल जुळवायचं आणि वाटेत जे जे येईल ते बोलून सांगायचं, एवढंच काम. उतार आला, खडी आली, डावीकडे बाक, समोरून दोघं येताहेत. ऐकायला सोपं वाटतं.

बाइंडर पुस्तकं बांधायच्या कारखान्यात होता, म्हणून पळणाऱ्यांच्या क्लबात सगळे त्याला बाइंडर म्हणत. वय बावन्न. बेचाळीस किलोमीटरची शर्यत त्याने अकरा वेळा पुरी केली होती. एकदा तर एकाच मैदानाला सलग बारा तास फेऱ्या मारल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर झाला होता. असा माणूस या वीतभर दोरीला हात लावताना मात्र घाबरायचा. पहिलं पाऊल टाकताना दर वेळी वाटायचं, आज नक्की काहीतरी होणार.

कारण त्याला डावीकडचं दिसत नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी तो चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तपासायला गेला होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर दोन गोल होते. एक जवळजवळ सगळाच काळा, दुसरा नाकाकडच्या बाजूने काळा होत आलेला. काचबिंदू, त्या म्हणाल्या. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं राखायचं. दिवसातून दोनदा थेंब घालायचे आणि घरी सांगायचं.

थेंब तो घालत होता. बाटली कारखान्यात, खळीच्या डब्यामागे ठेवलेली असायची. घरी काही सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत चार महिने गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ उघडली की ते खरं होणार, अशी त्याची समजूत. पहाटे जाग आली की तो आधी एक डोळा झाकून खिडकीची चौकट बघायचा. कालच्याएवढी आहे ना? मग दुसरा डोळा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं त्याला रोज चौकट थोडी बारीक झाल्यासारखी वाटायची.

अशात क्लबाच्या सेक्रेटरीने विचारलं, की मास्तरीणबाईंना सोबत पळायला कोणी आहे का? एकवीस किलोमीटरची शर्यत आहे, गेल्या वर्षी त्यांचा जोडीदार पंधराव्या किलोमीटरला बसला आणि बाईंनाही बसावं लागलं, तेव्हा दमणारा माणूस नको. सगळ्यांच्या आधी बाइंडरने हात वर केला. काहीतरी नवीन करून बघायचंय, आपल्यापुरतं पळून झालं, असं तो म्हणाला. लोकांनी पाठ थोपटली. बायकोने तिच्या बहिणीला फोन करून सांगितलं. खरं कारण फक्त त्याला ठाऊक होतं. न दिसता माणूस पळतो कसा, ते त्याला जवळून बघायचं होतं.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "माझी डावी बाजू मोकळी हवी. तो कान मला रस्त्यासाठी लागतो. तुम्ही उजवीकडून पळा."

म्हणजे जिला सांभाळायचं ती नेमकी त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला. त्याच वेळी बोलायला हवं होतं. तो तोंड उघडणारही होता. पण बाईंनी 'का?' म्हणून विचारलं असतं. त्या एका 'का'ला घाबरून तो "बरं" म्हणाला, आणि तेव्हापासून सहा आठवडे दर आठ-दहा पावलांमागे पूर्ण मान डावीकडे वळवून पळत होता. संध्याकाळी मान लाकूड व्हायची. बायको मलम चोळून द्यायची.

"पळून मान कशी हो दुखते? माणसाचे पाय दुखतात," ती म्हणायची.

आज वाटेवर गर्दी नव्हती. पाच किलोमीटरपर्यंत सगळं सुरळीत गेलं. बाईंचा श्वास एकसारखा चालला होता आणि त्या खुशीत होत्या.

"काल एका मुलाने शून्याने भागून उत्तर काढलं. वर मला विचारतो, बाई, बरोबर आहे ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बाळ, तुला जे जमलं ते आजवर कोणाला जमलेलं नाही. पुढे काय आहे?"

"सरळ आहे. थोडी खडी. डावीकडे झुडपं, लांब आहेत."

तो मान वळवायचा, परत समोर बघायचा, बोलायचा, परत मान वळवायचा. नवव्या किलोमीटरला समोरून एक बाई कुत्र्याला घेऊन आली. कुत्रा उजवीकडे ओढत होता. बाइंडरची नजर कुत्र्यावर राहिली. चार पावलं, पाच पावलं, फार तर सहा. तेवढ्यात वाट अरुंद झाली होती आणि गाड्या आत येऊ नयेत म्हणून कडेला लोखंडी खुंट रोवलेले होते.

आवाज आधी आला. मग त्याचा डावा हात खाली ओढला गेला.

बाई हातांवर आणि गुडघ्यावर पडल्या होत्या. दोरी मुठीतून सुटली नव्हती. बाइंडर उभाच होता, त्याला साधं खरचटलंही नव्हतं. कुत्रावाली बाई धावत आली, त्यांनी मिळून मास्तरीणबाईंना बाकावर बसवलं. गुडघा चांगलाच फुटला होता, डाव्या मांडीवर मार होता. पाय हलतोय ना ते बाईंनी स्वतःच वाकवून बघितलं. हाड शाबूत होतं. कुत्रावाली हातरुमाल देऊन निघून गेली. बाइंडरने बाटलीतलं पाणी जखमेवर ओतलं, त्यातलं अर्धं बाईंच्या बुटात गेलं.

"आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात," बाई दात आवळून म्हणाल्या. "आज देव सुट्टीवर दिसतोय. काय होतं?"

"खुंट. लोखंडी."

"केवढा?"

"कमरेएवढा."

"कमरेएवढा खुंट तुम्हाला दिसला नाही?"

"सायकलवाला मधे आला एकदम," बाइंडर म्हणाला. "डावीकडून. त्याला चुकवताना राहून गेलं."

बाई रुमाल गुडघ्यावर दाबून बसल्या. तळ्यावरून वारा येत होता. आपण काय बोलून बसलो ते बाइंडरला तेवढ्या वेळात कळलं.

"सायकल आली नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या डाव्या कानाजवळून सायकल जाईल आणि मला ऐकू येणार नाही, असं होत नाही. कुत्रा होता, त्याच्या गळ्यातली साखळी वाजत होती. एक बाई होती, चपला घासत चालणारी. सायकल नव्हती."

बाइंडरने बाटलीचं झाकण लावलं.

"आणखी सांगू? तुमची मान दर दहा पावलांना वळते. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की दोरीला कळतं. सहा आठवडे मी समजत होते की तुम्ही त्या बाजूच्या बायका बघता. म्हटलं असेल, माणूस पळतो चांगला, दुर्लक्ष करा."

दुसऱ्या कोणत्या वेळी तो हसला असता. आत्ता त्याने सांगितलं. काचबिंदू, कागदावरचे काळे गोल, कारखान्यातली बाटली, सगळं. बोलताना तो तळ्याकडे बघत होता. संपलं तेव्हा त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही.

बाईंचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"बाजू बदलून मागायची," त्या म्हणाल्या. "एवढंच होतं ना? उजवीकडून पळता येत नाही, डावीकडून पळतो, म्हणायचं. मी दुसरा कान लावला असता. एका वाक्याचं काम."

"तुम्ही कारण विचारलं असतं."

"विचारलं असतंच. माझा गुडघा आहे." त्यांनी रुमाल काढून परत घडी घातली. "तुम्ही माझ्या जिवावर शिकत होता, बाइंडर. मला न विचारता. शिकायचं होतं तर सरळ येऊन म्हणायचं, मला शिकवा. मी मास्तरीण आहे, लोकांना शिकवण्याचाच मला पगार मिळतो."

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुमच्यासारखं व्हायची."

बोलल्यावर त्याला जीभ चावावीशी वाटली. बाई बराच वेळ तळव्यात रुतलेले खडे काढत राहिल्या.

"खरं बोललात हे बरं केलंत," अखेर त्या म्हणाल्या. आवाज अजून कडकच होता. "तुम्हाला सोपं जाईल असं मी सांगणार नाही. मला जे कधी नव्हतंच ते तुमच्याकडून जाणार. त्याचं मला काय कळणार? पण माझ्यासारखं असणं म्हणजे चोवीस तास विहिरीत बसणं नव्हे. आज गुडघा फुटला. एरवी मुलं बेरजा चुकवतात म्हणून डोकं उठतं. घरी कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"बायको?"

"नाही."

"मुलंबाळं?"

"मुलगी आहे, लांब असते. नाही."

बाई उठल्या, पाय टेकून बघितला, आणि त्याच्या कोपराला धरलं. दोरी त्यांनी गुंडाळून स्वतःच्या खिशात घातली.

"शर्यत तीन आठवड्यांवर आहे. मी बुधवारी येणार. तुम्ही डॉक्टरीणबाईंना विचारा, दुसऱ्याला सांभाळून पळणं तुम्हाला जमण्यासारखं आहे का. त्या नाही म्हणाल्या तर नाही, वाद घालायचा नाही. हो म्हणाल्या तर मी बाजू बदलेन. पण त्याआधी घरी सांगा. घरी न सांगणाऱ्या माणसाबरोबर मी पळत नाही, कारण उद्या तो मलाही सांगणार नाही."

त्याने बाईंना रिक्षा करून दिली. स्वतः मात्र सात किलोमीटर चालत घरी आला. एवढं अंतर चालायला आपल्याला इतका वेळ लागतो हे त्याला माहीतच नव्हतं. वाटेत त्याने वाक्यं जुळवून पाहिली. 'घाबरू नकोस, पण' अशी एक सुरुवात केली, ती सोडून दिली. 'डॉक्टर म्हणतात' अशी दुसरी केली. घराचा जिना चढेपर्यंत एकही वाक्य धड उरलं नव्हतं. दारापाशी तर आल्या पावली परत जावं, कारखाना बंद असला तरी तिथे जाऊन बसावं, असं त्याला वाटलं.

बायको स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत बसली होती. तो अंघोळ करून आला आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसला. ती त्याच्या डाव्या हाताला.

"आज उशीर झाला? मास्तरीणबाई दमल्या वाटतं," ती म्हणाली.

"पडल्या."

"अगंबाई. लागलं का?"

"गुडघ्याला. बऱ्या आहेत."

"तुम्ही होतात म्हणून निभावलं. एकट्या असत्या तर?" मटारचे दाणे भांड्यात टपटप पडत होते. "ताई परवा म्हणत होती, भावोजींसारखं कोणी करत नाही हो. मी म्हटलं, घरात पाण्याचा पेला उचलून ठेवत नाहीत, पण बाहेर समाजसेवा बघा."

तो समोर बघत होता. समोर भिंत होती, घड्याळ होतं, टेबलाची उजवी कड होती. बायकोचा आवाज येत होता, दाण्यांचा येत होता. ती कुठेच नव्हती. एवढी वर्षं रोज शेजारी बसणारी बाई, आणि तिचा हातसुद्धा नाही, बांगडीसुद्धा नाही. गेल्या चार महिन्यांत तो अशा वेळी मुकाट्याने मान वळवायचा. आता मान तिकडे जायला लागली तशी त्याने ती आवरली.

"तू इकडे येऊन बस," तो म्हणाला.

"का? इथे काय झालं? मला ओट्याजवळ बरं पडतं."

"उजवीकडे ये."

"अहो, पण का?"

"तिथे तू मला दिसत नाहीस."

ती हसली. "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की असंच होतं म्हणतात."

तो हसला नाही. त्याने मान वळवली नाही. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून तो घड्याळाकडे बघत राहिला. दाण्यांचा आवाज थांबला.

"मी हात वर केलाय," थोड्या वेळाने ती म्हणाली. आवाज बदलला होता. "हा. दिसतो?"

"नाही."

"नीट बघा."

"बघतोय. नाही दिसत."

खुर्ची सरकली. ती उठून उभी राहिली असावी.

"पुढे आणते. दिसला की सांगा."

तो वाट बघत राहिला. घड्याळाचा काटा पुढे गेला. तिच्या श्वासाचा आवाज जवळ आला, मटारचा ओला वास आला. मग डाव्या डोळ्यापुढून, नाकाच्याही पलीकडे, तिची हिरवट झालेली बोटं एकेक करून आली.

"आता," तो म्हणाला.

तिने हात तिथेच धरून ठेवला.