पोटमाळ्याची हरकत

घरपट्टीची नवी नोटीस शिंप्याने तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा आकडा तोच निघाला. एक मोडकं कपाट आणि चिंध्यांची गाठोडी सोडली तर ज्या पोटमाळ्यावर काहीच नव्हतं, त्याला कचेरीने चक्क राहती खोली धरलं होतं.

"एवढं काय घाबरायचं? खोली आहे म्हणतात ना, मग दादाला भाड्याने देऊ," बायको म्हणाली. "पट्टी परस्पर सुटेल."

शिंप्याच्या हातातली कात्रीच गळून पडली. दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. नुकताच निवृत्त झालेला, त्यामुळे जगाला सुधारायला दिवसभर मोकळा. मागच्या खेपेला चार दिवस राहिला, तेवढ्यात मशीनमागे खुर्ची टाकून, समोर गिऱ्हाईक उभं असताना, "डावी बाही आखूड वाटते" असं सहा वेळा म्हणाला. दोन गिऱ्हाइकं तुटली. हा माणूस कायमचा राहायला आला तर आपल्याला वेड लागणार, याबद्दल शिंप्याला तिळमात्र शंका नव्हती.

त्याने लगोलग चौकशी केली. सात फुटांपेक्षा कमी उंची असेल तर माळ्याला खोली धरत नाहीत, असं कळलं. मग काय, स्वारी टेप घेऊन माळ्यावर चढली. तो वरून मापं ओरडत होता, बायको खालून लिहून घेत होती. तिसऱ्या दिवशी हरकतीचा अर्ज सही-शिक्क्यासह कचेरीत पोचला.

आठवड्याभराने तपासणीला साहेब आले. सडपातळ, कपाळावर घाम, बगलेत फाईल. त्यांनी अर्ज उघडला आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

"तुम्ही वर लिहिलंय, माळा सात फुटांपेक्षा कमी आहे."

"हो साहेब."

"आणि खाली माप दिलंय सात फूट एक इंच."

शिंप्याने बायकोकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं तेच लिहिलं," ती फणकारली. "वाचून सही कुणी केली?"

"तुमच्याच मापाने खोली ठरते की हो," असं म्हणून साहेब पेनाचं टोपण काढू लागले. शिंप्याने साहेबांचा दंड धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच माळ्यावर नेलं. टेपचं एक टोक जमिनीला, दुसरं आढ्याला लावून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "सात फूट एक!"

साहेबांनी चष्मा पुसून टेपवर नाक टेकवलं. "अहो, इथे सहा फूट अकरा दिसतंय."

"बरोबर. अधिक दोन इंच."

"दोन इंच कसले?"

"माया! शिवणीत सोडायला नको? उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता येतं."

"छपराचं अंग भरणार आहे?"

चाळीस वर्षं माप घेताना दोन इंच जास्तच सांगायची जिभेला सवय. आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती. साहेबांना मात्र हसू आवरेना. त्यांनी स्वतः चारही कोपरे मोजले. सगळीकडे सहा फूट अकरा. तिथेच गाठोड्यावर बसून त्यांनी शेरा लिहिला: हरकत मान्य, सदर माळा राहण्यास अयोग्य, पट्टी कमी करावी.

शेऱ्याची नक्कल शिंप्याच्या हातात देऊन साहेब जिना उतरून गेले. शिंप्याला इतका आनंद झाला, की तो कागद नाचवतच खाली आला. "सुटलो! खोलीच नाही म्हटल्यावर दादांना ठेवणार कुठे?"

बायकोने कागद नीट वाचला. तिचे डोळे भरून आले. "बरं झालं बाई. पट्टीच कमी झाली म्हणजे आता भाडं घ्यायला नको. सख्ख्या भावाकडून पैसे घ्यायचे, म्हणून माझा जीव नुसता तुटत होता."

"अगं, पण माळा राहण्यास अयोग्य आहे!"

"म्हणून तर त्याला खालीच झोपवू. तुमच्या मशीनशेजारी जागा आहे की. थांबा, आत्ताच फोन करते."

शिंपी तसाच अनवाणी रस्त्यावर धावला. साहेब कोपऱ्यापर्यंत पोचले होते.

"साहेब, ओ साहेब! आपल्याच बाजूने लागलेल्या निकालावर हरकत कुठे घेतात?"