सातव्या मशीनवरचा आकडा

तिने सातव्या मशीनच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि मान वळवून पहिल्याकडे पाहिलं. खालच्या वस्तीपाशी नदी आज किती चढणार, या एकाच प्रश्नाला दोन उत्तरं होती. पहिल्यावर सहा मीटर दहा, सातव्यावर पाच साठ.

"काका, माझ्या प्रोग्रामला हात कोणी लावला?"

मशीन सांभाळणारे काका केबलींवरची धूळ पुसत होते. "साहेबांनी. काल. म्हणाले, आता बघा घोडा कसा उधळतो."

बारा मशीन जोडून त्यांची मेमरी एकच असल्यासारखी चालवायची, यात तिची तीन वर्षं गेली होती. प्रत्येक मशीन लागतील ते आकडे स्वतःकडे उतरवून घेई. पण एकाने आकडा बदलला, की बाकीच्यांनी जुनी प्रत टाकून द्यायची आणि सगळ्यांचा होकार येईपर्यंत बदलणाऱ्याने थांबायचं. विभागप्रमुखांनी ते थांबणंच काढून टाकलं होतं.

प्रमुख टाय सारखा करत आत आले.

"सर, धरणातून नऊ वाजता जादा पाणी सोडलंय. सातवं मशीन अजून पहाटेचाच आकडा धरून बसलंय."

"एकोणीस मिनिटांचं काम चार मिनिटांत होतंय. पाटबंधारेवाले तेच बघायला आलेत."

"ते इशारासुद्धा यावरूनच देणार आहेत."

"अर्ध्या मीटरसाठी जीव खाऊ नका. धोक्याची खूण सहावर आहे. पाच साठ छापा."

"तिथे माणसं राहतात, सर."

"मला सांगता? माझं घर तिथलंच."

ते बाहेर गेले. छापलेला कागद सहीसाठी घेऊन ती मागोमाग निघाली, आणि जिन्याच्या वळणावर थबकली. खाली प्रमुख फोनवर बोलत होते.

"आई, गाद्या माळ्यावर टाक आणि ताईकडे जा. आत्ताच्या आत्ता. कारण विचारू नकोस."

कागदाची घडी घालून तिने तो खिशात ठेवला. परत येऊन, उभ्याउभ्याच, प्रोग्राममधून काढलेल्या ओळी जागेवर घातल्या.

पाटबंधारे खात्याच्या पाहुण्या अधिकाऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. "करायचं सुरू?"

"हो. एकोणीस मिनिटं लागतील."

"साहेब तर चार म्हणाले होते."

"चार मिनिटांत येतो त्या आकड्यावर विसंबून साहेबांची आईसुद्धा घरी थांबणार नाही."

अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. जिन्यावर बुटांचा आवाज आला. काकांनी एक खुर्ची ओढली, दाराला टेकवली आणि खुर्चीत बसून पुन्हा केबल पुसू लागले.