पुढे केलेला हात

हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्यापडल्या दीनानाथांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि लेकीपुढे धरला. ईप्सिताने आपले दोन्ही हात जॅकेटच्या खिशात कोंबले.

“नाइन, बाबा,” ती जर्मनमध्येच नाही म्हणाली. “अजून नाही.”

मालिनीला वाटलं, ह्यांना उठून बसायचंय. “अहो, थांबा, उशी देते,” म्हणत तिने तो हात धरून त्यांना बसतं केलं.

कर्लिंगमध्ये सामना जिंकणं आता शक्य नाही असं दिसलं, की हरणारा संघ उगाच न ताणता स्वतःहून हात पुढे करतो. समोरच्याने तो घेतला की खेळ संपला. त्यात कमीपणा नाही. उलट रीतच आहे ती. जर्मनीतल्या त्यांच्या गावात, फ्युसेनच्या हॉलमध्ये काचेमागे बसून लेकीचे सामने बघताना दीनानाथांनी हे कितीदा तरी पाहिलं होतं. मालिनी तिकडे कधी फिरकलीच नाही. बर्फावर दगड सरकवायचे आणि त्यांच्यापुढे झाडू मारत धावायचं, याला खेळ म्हणायला ती तयार नव्हती.

डॉक्टरांनी केमोची आणखी एक फेरी सुचवली होती. गुण येईल असं ते स्वतःही म्हणत नव्हते. दीनानाथांना आता घरी जायचं होतं. पण लेकीने हो म्हटल्याशिवाय त्यांना नाही म्हणवेना, आणि लेक हट्टाला पेटलेली. सोमवारी केमो सुरू होईल, मी पदक घेऊन येतेच, असं बजावून ती २००६च्या राष्ट्रीय फायनलसाठी हांबुर्गला गेली.

अख्खं गाव तिच्या मागे होतं. एकेकाळी तिचं नाव नीट घेता न येणारा बेकरीवालाही आता “आमची इप्सी” म्हणायचा. ही पोर कधी हात पुढे करत नाही, हरलेला सामनाही शेवटच्या दगडापर्यंत खेळते, याचं गावाला भारी कौतुक. कौतुक करायला गावाचं काय जातंय!

फायनलला मात्र तिचा प्रत्येक दगड हवा तिथेच जाऊन बसला. दोन डाव बाकी असताना समोरची कर्णधार, अनेक वर्षांची विजेती, हातमोजा काढून तिच्याजवळ आली आणि तिने हात पुढे केला. ईप्सिता नुसती बघत राहिली. बाईच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, रागही नव्हता. ती फक्त दमली होती. आपण हात घेईपर्यंत हिला इथे गारठ्यात असंच उभं राहावं लागणार, हे ईप्सिताच्या लक्षात आलं आणि तिला रडू फुटलं. तिने हात घेतला. अशा वेळी म्हणतात तसं “छान खेळलात” म्हणाली. गावाहून आलेल्यांना वाटलं, पोरीला आनंद आवरत नाहीये.

पदक गळ्यात पडायच्या आधीच तिने आईला फोन लावला. मालिनीने बातमी ऐकली, फोन दीनानाथांच्या कानाशी दिला आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ती नर्सला सांगू लागली, की आमची मुलगी चॅम्पियन झाली.

“बाबा,” ईप्सिता म्हणाली, “छान खेळलात.”



“बरं वाटलं गं,” दीनानाथ म्हणाले. मग आवाज खाली आणून, “आईला मात्र तूच सांग. मला नाही जमायचं.”