खालच्या आळीला ऐकू आलेला भोंगा

धरणावरचा जुना भोंगा दुरुस्तीला आमच्या घरी आला, तेव्हा बाळ नुकतंच पालथं पडायला लागलं होतं. मागच्या पुरात हा भोंगा वाजलाच नाही, गंजून अडकला होता. खालच्या आळीतून माझे वडील गेले ते त्या पाण्यात. आई तेव्हाही तिथेच राहत होती. म्हणून सासरे त्याच्या मोटारीत नवी तार भरायचे, तेव्हा मी बाळाला मांडीवर घेऊन समोर बसायचे, जणू माझ्या पहाऱ्याशिवाय ती तार नीट बसणारच नाही.

भोंग्यात मोटार एक खाचांचं चक्र फिरवते. भोवतीच्या खाचांच्या कड्यात ते हवा कापतं, तोच आवाज. चक्र कड्याला घासत होतं, म्हणून सासऱ्यांनी कानस घेतली. जन्म मोटारी दुरुस्त करण्यात गेलेला. शेजारचा पंखा कुरकुरला तरी त्यांना घास गिळवत नाही. घासून घासून त्यांनी चक्र असं केलं की ते हाताने फिरवलं तरी बाळ शेजारी झोपून राहिलं. लोण्यासारखं फिरतंय, म्हणाले. मलाही केवढं बरं वाटलं.

धरणाच्या साहेबांनी आळीत आधीच सांगून ठेवलं होतं, भोंग्याचा आवाज इथवर पोचला नाही तर पावसाआधी घरं रिकामी करायची. भोंगा परत धरणावर बसवला, त्या चाचणीला मी बाळाला खांद्यावर घेऊन आईच्या दारात उभी राहिले. ऐकू आला तो शेजारचा गळका नळ. आणि वारा पडला तेव्हा, लांब कुणी बाटलीत फुंकर घालावी तसं काहीतरी.

साहेबांच्या जीपमधून सासरेही उतरले, कपाळाला ग्रीस. सगळी आळी म्हणाली, आला ऐकू. एकाच्या तर म्हणे कानठळ्या बसल्या होत्या. आईनेही मान डोलावली आणि मला हळूच म्हणाली, "त्यांची मेहनत आहे. तोंड उघडू नकोस."

"नाही आला, बाबा," मी सासऱ्यांना म्हणाले.

"अगदीच नाही?"

"बाळ जागंसुद्धा झालं नाही."

ते रागावले नाहीत. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. "चक्र नि कड्यातली फट वाढली, हवा निसटतेय," म्हणाले. "मीच घासली." मग साहेबांना सांगितलं की घासलेलं लोखंड परत येत नाही, नवं चक्र ओतून यायला पावसाळा सरेल.

घरं रिकामी झाली. आळीतल्या बायका मला बघून रस्ता बदलतात. आई आमच्याकडे आहे. ती माझ्याशी बोलत नाही, बाळाशी बोलते. सांग तुझ्या आईला, आमटीत मीठ नाही. सांग तिला, आजीला घरातून काढलं आता सुखाने झोप म्हणावं.

पाऊस लागून राहिलाय, पण धरणाचे दरवाजे अजून बंद आहेत. आई खिडकीतून खाली बघते आणि बाळाला विचारते, आलं का रे पाणी? कधी कधी मलाच वाटतं, यावं एकदाचं. पण काल तिथल्या दोन घरांत दिवे दिसले. लोक परत जायला लागलेत.

आज आईने बाळाला मांडीवर थोपटता थोपटता विचारलं, "माझ्या घराची किल्ली कुठे ठेवली रे तुझ्या आईने?"

किल्ली माझ्या कमरेला आहे. बाळाची दुधाची वेळ टळून गेलीय, छाती दुखतेय. तरी मी त्याला उचललं नाही. ते मांडीवर झोपलंय तोवर आई उठणार नाही.