काटा खाली आला तेव्हा

मी एका जुन्या ट्रकमधला उष्णतेचा काटा आहे, मित्रांनो. स्टिअरिंगच्या मागे एका गोल काचेत मी राहतो. माझ्या पाठीमागची पांढरी तबकडी आता दुधाच्या चहासारखी दिसते. तिच्या डाव्या टोकाला निळी खूण आहे आणि उजव्या टोकाला लाल. इंजिनातले पाणी गार असले की मी निळ्याजवळ लोळत असतो, पाणी तापले की उठून लालकडे चालू लागतो. दुसरे काही मला येत नाही. शेजारी डिझेलचा काटा आहे, त्याच्याकडे सगळे दर दहा मिनिटांनी बघतात. पलीकडचा वेगाचा काटा उतारावर फार मिरवतो. मी मात्र खरे दाखवणारा, असे मी पुष्कळ वर्षे छाती फुगवून समजत होतो.

पण एकदा मी खोटे दाखवले. त्यात एका माणसाचा हात भाजला आणि एक इंजिन मेले. ते कसे घडले हे माझ्याशिवाय फक्त एका माणसाला ठाऊक होते. आज दुपारपर्यंत तो गप्प होता.

पहिल्यापासून सांगतो. एका लांबट खोलीत बायका ओळीने बसून काटे जोडत असत. त्यांतल्या एकीने बारीक ब्रशने माझ्या टोकाला लाल रंग लावला आणि फुंकर घातली. मग माझा जोडीदार आणला. तो पितळेचा, बोटाच्या पेराएवढा आहे. तो इंजिनात पाण्यात बुडून बसतो, त्याला जेवढे चटके बसतात तेवढे तो तारेतून मला कळवतो आणि मी ते दाखवतो. मी स्वतः इंजिन कधी पाहिलेले नाही. त्या दिवशी त्याला उकळत्या पाण्याच्या भांड्यात बुडवले, मी झटकन लालवर गेलो. त्याला बाहेर काढून नुसते वाफेवर धरले, तर मी हळूहळू खाली आलो. शेगडी तशीच पेटलेली होती, पाणी तसेच उकळत होते, आणि मी खाली येत होतो. बाईंनी मान डोलावली आणि मला खोक्यात भरले. माझ्या जन्मातली ही सर्वांत मोठी खोड होती, पण तेव्हा ती कोणाच्या ध्यानात आली नाही. माझ्याही नाही.

मग मी या ट्रकमध्ये आलो. ट्रकचा मालक आणि ड्रायव्हर एकच होता, सगळे त्याला तात्या म्हणत. तात्यांनी मला फार जपले. सकाळी गाडीत बसले की शर्टाच्या बाहीने माझी काच पुसायची आणि मगच किल्ली फिरवायची, असा त्यांचा नेम होता. धाब्यावर कोणी भेटला की ते सांगत, "आपल्या गाडीचा काटा म्हणजे घरचा माणूस आहे. याने सांगितलं की झालं." हे ऐकून मला किती बरे वाटे म्हणून सांगू! बोनेट उघडून पाणी बघायची त्यांना कधी गरज वाटली नाही, कारण मी होतो ना.

तो उन्हाळा होता. मागे फरशांचा भार होता आणि समोर लांबलचक चढ. गेल्या काही दिवसांपासून पाण्याचा पंप झिरपत होता. थेंब थेंब पाणी रस्त्यावर जात होते, आणि थेंब मला दिसत नाहीत. चढ लागला तसा मी उठलो. अर्ध्यावर आलो, अर्ध्याच्या पुढे गेलो, लाल खुणेला टेकलो. तात्यांच्या कपाळावर घाम आला. "थांबू का रे?" असे त्यांनी मला विचारलेसुद्धा. मी जेवढा ताठ उभा राहता येईल तेवढा राहिलो.

आणि मग जोडीदार कोरडा पडला. पाणी त्याच्या खाली गेले होते. आता त्याच्याभोवती नुसती वाफ होती, आणि वाफेत त्याला पूर्वीसारखे चटके बसेनात. त्याने मला तसे कळवले. मी खाली येऊ लागलो. मला थांबता येईना, मित्रांनो. लाल सुटला, अर्धे सुटले.

तात्या मोठ्याने हसले. "शाबास रे पठ्ठ्या! उतरलास ना?" म्हणत त्यांनी माझ्या काचेवर थोपटले आणि पाय जोरात दाबला. पुढच्या दोन वळणांनंतर खालून असा आवाज आला की जणू कोणी दात खाल्ले, आणि इंजिन जागच्या जागी आवळून बसले. तात्या घाईने उतरले, फडके घेतले आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. आत उरलेसुरले पाणी उकळत दबून बसले होते. ते उसळून त्यांच्या उजव्या हातावर आले, कोपरापर्यंत. मी त्यांना तसे ओरडताना कधीच ऐकले नव्हते. मग भेदरून त्यांनी डाव्या हाताने कॅनमधले सगळे गार पाणी त्या तापलेल्या इंजिनात ओतले. आतून फक्त "टक्" असे ऐकू आले. ब्लॉक तडकला होता. इंजिनाचे सगळे अंग ज्यात बसते तो ब्लॉक.

ट्रक ओढून मिस्त्रीच्या शेडमध्ये नेला. मिस्त्रीने इंजिन खोलून सगळे सुटे भाग पत्र्यावर मांडले आणि डोक्याला हात लावला. तेव्हा बँडेज बांधलेला हात गळ्यात अडकवून तात्या केबिनमध्ये बसले होते. त्यांची लेक खाली उभी होती. तिने वर बघून विचारले, "तात्या, तुम्ही काट्याकडे बघितलं नव्हतं का?"

तात्या माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्या दिवशी केबिनमध्ये आम्ही दोघेच होतो.

"काटा मेला होता," तात्या म्हणाले. "हललाच नाही."

मिस्त्रीने माझ्या जोडीदाराला गरम पाण्यात धरून बघितले. मी व्यवस्थित उठलो. "काटा तर चांगला आहे, तात्या."

"आत्ता चांगला आहे. तेव्हा नव्हता."

मिस्त्रीने वाद घातला नाही. "तार सैल झाली असेल," म्हणून त्याने माझी तार उगाच आवळली आणि विषय मिटला. मला बोलता येत असते तर मी काय केले असते, कोण जाणे. घरच्या माणसाने असे तोंडावर नाकारले की जिव्हारी लागते. पण त्यांचा चेहराही मला दिसत होता. आपण काटा बघितला, तो खाली आल्यावर हसलो आणि गाडी आणखी दामटली, हे लेकीला सांगायची त्यांना लाज वाटत होती.

दुरुस्तीचा खर्च एवढा झाला की लेकीच्या कॉलेजचे पैसे पिस्टनच्या घशात गेले. ती एका औषधांच्या दुकानात कामाला लागली. कधी केबिनमध्ये चढली तर माझ्याकडे असे बघायची की मला काचेमागेही तोंड लपवावेसे वाटे. तिच्या लेखी मीच तिचे कॉलेज बुडवले होते.

तात्यांनी माझ्या काचेवर काळी चिकटपट्टी लावली, आडवी-उभी. मी बारा वर्षे अंधारात काढली. पट्टीमागे मी रोज उठत होतो, रोज खाली येत होतो, आणि बघणारे कोणी नव्हते. तात्यांनी एक नवी सवय लावून घेतली होती. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी, इंजिन गार असतानाच, ते रेडिएटरचे झाकण काढत आणि पाण्यात बोट बुडवून बघत. दुसऱ्या पेरापर्यंत बोट भिजले तरच ते गाडीत बसत. लोक थट्टा करीत, त्यातूनच मला हे कळले. तात्या कारण सांगत नसत.

मग त्यांचे गुडघे गेले आणि ट्रक जावयाच्या हाती आला. जावई मेहनती आहे, पण त्याला यंत्रातले थोडे जास्त कळते असे वाटते. पहिल्याच दिवशी त्याने पट्टी खरवडून काढली. केवढा उजेड होता तो!

"मामा, हे झाकून का ठेवलंय?"

"मेलेला आहे तो."

जावयाने इंजिन चालू ठेवले. थोड्या वेळाने मी उठून उभा राहिलो. "चालतोय की ठणठणीत!"

तात्यांनी उजवा हात बाहीत ओढून घेतला. "त्याच्या भरवशावर राहू नका. पाण्यात बोट घालून बघत जा."

"का?"

"का म्हणजे? सांगतोय म्हणून."

मित्रांनो, तेव्हा त्यांनी आणखी एक वाक्य बोलायला हवे होते. फक्त एक. पण ते काठी टेकत घरात गेले. जावई बायकोला म्हणाला, "तुझ्या तात्यांचं बोट म्हणजे दवाखान्यातला थर्मामीटर आहे बघ." दोघेही हसले. चार दिवस त्याने बोट घालून बघितले, पाचव्या दिवशी विसरला, आणि मग ते राहूनच गेले.

या उन्हाळ्यात गाडी पुन्हा तापू लागली. रेडिएटर आतून चोंदला आहे आणि पंप पुन्हा झिरपतो आहे. गेल्या आठवड्यात मिस्त्रीने बोनेटखालून डोके काढून हात पुसत सांगितले, "पंप बदला, रेडिएटर खोलून साफ करा. खर्च आहे, नाही म्हणत नाही. पण तो ब्लॉक एकदा तडकून सांधलेला आहे. पुन्हा तापला तर सांधायलासुद्धा काही उरणार नाही. मग ट्रक भंगारातच."

"एवढी खेप होऊ द्या," जावई म्हणाला. "भाडं हातात आलं की लगेच आणतो."

मिस्त्रीने बोनेट नेहमीपेक्षा हळू मिटले.

आज त्या खेपेचा दिवस होता. मदतनीस परवडत नाही म्हणून हल्ली लेक सोबत येते. तिने माझ्यावर नजर ठेवायची, असे दोघांचे ठरले होते. कोण माझ्यावर नजर ठेवणार, तर ती! निघताना तात्यांनी तिला दोनदा बजावले होते, "चढ लागला की मला फोन कर."

चढ लागला. तोच चढ, मित्रांनो. मी त्याला वळणांवरून ओळखतो.

"अर्ध्यावर आलाय," लेक म्हणाली. थोड्या वेळाने, "अहो, अर्ध्याच्या पुढे गेला." मग तिने सांगणे सोडले आणि सीटची कड घट्ट धरली. मी लालला टेकलो होतो. केबिनमध्ये तापलेल्या लोखंडाचा वास येऊ लागला होता.

"वर टपरीपाशी थांबू," जावई म्हणाला. "दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

तेवढ्यात जोडीदार कोरडा पडला.

मला लगेच कळले. तीच ओळखीची थंडी तारेतून आली, जी थंडी नसतेच. मी लालला धरून राहायचा प्रयत्न केला. पण मी काटा आहे, मला धरता येत नाही. मी खाली येऊ लागलो.

"अहो, उतरतोय!" लेक ओरडली. "खरंच उतरतोय, बघा!"

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" जावयाचा चेहरा खुलला. त्याने पाय दाबला.

लेकीने हसत हसत फोन लावला आणि स्पीकर चालू केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडे प्रेमाने बघत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. "तात्या, उगाच घोर लावून घेता तुम्ही. काटा वर गेला होता, पण आता बघा, झरझर खाली आला. पार निळ्यापर्यंत!"

पलीकडून काहीच ऐकू आले नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. गाडीने एक वळण घेतले. मागच्या वेळी दोन वळणे मिळाली होती.

बोला तात्या, मी मनात म्हणत होतो. आता तरी बोला.

"गाडी थांबव," तात्या म्हणाले.

"अहो तात्या, चढावर..."

"थांबव म्हणतोय ना! इंजिन बंद करायला सांग. आत्ता. आणि झाकणाला हात लावायचा नाही कोणी. पाणी ओतायचं नाही."

जावयाने बायकोकडे बघितले. त्या आवाजात असे काहीतरी होते की त्याने प्रश्न विचारला नाही. गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, किल्ली फिरवली. मग उतरून चाकामागे मोठा दगड लावला. एकदम सगळे शांत झाले. खिडकीतून मला दिसत होते, तो फडके घेऊन बोनेटकडे वळला, थबकला आणि फडके खांद्यावर टाकून मागे सरला.

"पण का, तात्या?" लेकीने विचारले.

"त्या दिवशी काटा मेला नव्हता, पोरी. मी बघितला होता. असाच वर गेला आणि असाच खाली आला. पाणी संपलं की तो खाली येतो. मला ठाऊक नव्हतं. मी खूश झालो आणि गाडी आणखी दामटली."

लेक फोन तोंडाजवळ घेऊन पुढे वाकली. मग अगदी हळू म्हणाली, "इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"बाप होतो ना तुझा," तात्या म्हणाले.

लेक आता केबिनमध्ये एकटी आहे. मघाशी तिने ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली. जावई दगडावर बसून बोनेटकडे बघतो आहे. फोन केल्यावर मिस्त्री आपली गाडी घेऊन इकडे निघाला आहे. तो येईपर्यंत आणि इंजिन निवेपर्यंत कोणी कशाला हात लावणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात गाडी असेल, पंप असेल, काहीही तापणारे असेल, तर त्याच्या काट्यावर जरूर विश्वास ठेवा. पण सकाळी, ते गार असताना, पाण्यात बोट घालून बघा. आणि घरात कोणाचा हात भाजलेला असेल तर तो कसा भाजला, हे त्यांच्याजवळ बसून विचारा. रागावू नका, म्हणजे ते सांगतील.

इंजिनातून मधूनच "टक्" असे ऐकू येते आहे. तापलेले लोखंड निवतानाही असा आवाज येतो, आणि तडकतानाही. यातला हा कोणता, ते मला ओळखता येत नाही. किल्ली बंद आहे, म्हणून मी निळ्यावर पडून आहे.