फरशीवरचे चर

दवाखान्याच्या वॉर्डाचं छत पडून पुंजाराम नावाचा पेशंट मेला. दवाखान्यातच भरलेल्या जाहीर चौकशीत इंजिनियर बेधडक म्हणाला, "छत अचानक पडलं. आधी कुणाचीच तक्रार नव्हती." जणू सिमेंटलाच झटका आला!

मग सफाईवाल्या साळूबाईला बोलावलं. तोंड उघडलंस तर उद्यापासून कामावर येऊ नकोस, असं ठेकेदारानं तिला सकाळीच बजावलं होतं. तो मागच्याच खुर्चीत बसला होता.

"तुम्ही लेखी तक्रार दिली होती का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"लिहिता आलं असतं तर झाडू कशाला धरला असता, साहेब?" लोक हसले. ती नाही हसली. "वरून प्लास्टर पडायचं म्हणून पुंजाराम मेला ती खाट आमी दोन वर्षं रोज बाजूला वढायचो. मोठे डॉक्टर राऊंडला येणार म्हटलं, की परत रांगेत लावायची. त्या दिवशी डॉक्टरला उशीर झाला, खाट रांगेतच राह्यली अन् वरून छत आलं. लोखंडी पायांचे चर पडलेत फरशीला, घासून जात नायत. चला, दावते."

न्यायाधीश लगेच उठले. वॉर्डात वाकून त्यांनी चरांवरून बोटं फिरवली आणि कारकुनाला सगळं लिहून घ्यायला लावलं.

साळूबाईनं ठेकेदाराच्या डोळ्यांत बघत जबाबावर अंगठा उमटवला.