तिप्पट पॉइंटचं स्टूल

बायको जाऊन सात महिने झाले, पण तिचा फोन मी अजून चार्ज करतो. त्यावर येतात ते नुसते जाहिरातींचे मेसेज. सोमवारी सकाळी मात्र कामाचा मेसेज आला. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाची पॉइंटची योजना आज बंद होणार होती. उरलेले पॉइंट आजच वापरा, नाहीतर गेले. तिच्या नंबरवर चार हजार सहाशे दहा होते.

मला लगेच स्टूल आठवलं. दोन पायऱ्यांचं, घडीचं, पाच हजार पॉइंटला मिळणारं. बायको बुटकी आणि मी ताडमाड. लिफ्ट दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, पण घरात माझा उपयोग एकच, वरच्या फळीवरचे डबे काढणं. "उंटराव, जरा या," अशी स्वयंपाकघरातून हाक यायची. मी पेपर वाचत असलो की "आलो, आलो" म्हणायचो आणि बसून राहायचो. शेवटी वैतागून तिने ते स्टूल घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, विकत आणतो. तर म्हणे, "फुकट मिळतंय त्याला पैसे कशाला घालवता?" सहा वर्षं ती पॉइंट जमवत होती आणि ते कधी पुरे पडत नव्हते. मी तिला त्यावरून चिडवायचोही.

आता फक्त तीनशे नव्वद कमी होते. ते स्टूल तिच्याच पॉइंटवर घरी यायला हवं होतं. आभाळ भरलं होतं म्हणून छत्री घेतली आणि निघालो.

दुकानात शंभराला दहा पॉइंट. म्हणजे जवळजवळ चार हजारांची खरेदी. एकट्या माणसाला एवढं लागतं काय? साबण उचलले, परत ठेवले. तेलाचा डबा उचलला, परत ठेवला. मग एका फळीवर पिवळी चिठ्ठी दिसली, 'आज तिप्पट पॉइंट'. साडेचारशेचा एक पुडा. तीन घेतले की चारशे पाच पॉइंट. पुड्यात काय आहे ते न बघताच मी तिन्ही काउंटरवर नेऊन ठेवले.

काउंटरवरची मुलगी ओळखीची होती. पुडे बघून हसली.

"नातू झाला का काका?"

"नाही."

"मग नात?"

"स्टूल," मी म्हणालो.

तेव्हा कुठे मी पुड्यावरचं गुटगुटीत बाळ पाहिलं. डायपर होते.

मी बायकोचा नंबर सांगितला. तिने तो दाबला आणि वर बघितलं. "काकू बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत." मी काय झालं ते सांगितलं. तिने एकेक पुडा मशीनवर धरला. मग म्हणाली, "पाच हजार पंधरा झाले. घेतलंत एकदाचं. काकू दर वेळी ते स्टूल उघडून वर चढून बघायच्या. आणि मग छत्री घेऊन जायच्या."

"कसली छत्री?"

तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. सहा वर्षांत पाच छत्र्या. प्रत्येकी नऊशे पॉइंट.

छत्री विसरणं ही माझी जुनी खोड. कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीत, लिफ्टच्या मशीनपाशी ती राहायची. दुसऱ्या दिवशी खुंटीला नवी असायची. विचारलं तर बायको म्हणायची, "दुकानात फुकट वाटत होते." मी म्हणायचो, असं वाटत बसले तर दुकान बुडेल एक दिवस.

"मी एकदा म्हटलं त्यांना," मुलगी म्हणाली, "काकू, या वेळी स्टूलच घ्या. तर म्हणाल्या, स्टूल नसलं तर हाक तरी मारता येते. हा माणूस भिजून आला की आठवडाभर शिंका ऐकाव्या लागतात."

मी स्क्रीनकडे बघत उभा राहिलो. मागून एक बाई म्हणाल्या, "आजोबा, वाचून झालं असेल तर सरकता का जरा?"

सरकलो. एका काखेत स्टूल, दुसऱ्या काखेत डायपर, पिशवी दातात धरायचीच काय ती बाकी होती. दारापर्यंत पोचलो तर मुलगी धावत आली.

"काका, छत्री. सांभाळा आता, योजना संपली."

मागच्या बाई हसल्या. मीही हसलो. बऱ्याच महिन्यांनी.

संध्याकाळी माझ्या लेकीचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, तसलं स्टूल बाहेर नऊशेला मिळतं. तुम्ही साडेतेराशेचे डायपर घेतलेत."

"पण स्टूल फुकट मिळालं ना."

"झालं. आता आईची जागा तुम्ही घेतलीत."

डायपर वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीला द्यायला गेलो. तिचं बाळ दोन महिन्यांचं आणि माझे पुडे वर्षाच्या बाळाचे निघाले. "लागतील काका, पण पुढे," ती म्हणाली. "माझ्याकडे सुई ठेवायला जागा नाही. तुमच्याकडे राहू देत, मी येऊन नेईन."

म्हणून ते वरच्या फळीवर ठेवले. तिथे माझा हात सहज पोचतो. तरी स्टूल मांडलं, दोन्ही पायऱ्या चढलो आणि डोकं छताला आपटलं. बायकोने बघितलं असतं, तर महिनाभर शेजारणींना सांगत सुटली असती.